शिकवणीची विमानं

आमच्या घरात पहिलं विमान आलं ते माझ्यासाठी, असं बाबा शेवटपर्यंत सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. मला त्या वर्षी गणितात बऱ्यापैकी मार्क पडले होते आणि वर्गातल्या दोन पोरांकडे लढाऊ विमानांची मॉडेल होती, तसलं एक मला हवं होतं. प्लास्टिकचे तुकडे खोक्यात येतात, ते चिकटवायचे, रंगवायचे, की हातभर नाही पण वीतभर तरी विमान तयार. बाबा शुक्रवारी मनामाच्या बाजारात गेले. बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत हसनभाईंचं खेळणी-वह्या-पेन-छत्र्या असं सगळंच विकणारं दुकान होतं. हसनभाईंनी खांदे उडवले आणि म्हणाले, "फायटर खलास. मफी फायटर. धिस वन टीचर प्लेन. व्हेरी गुड." म्हणजे वैमानिकांना शिकवायचं जेट विमान, दोघांना बसायला शेजारी-शेजारी दोन जागा असलेलं. ना त्याच्या पंखाखाली बॉम्ब, ना तोंडावर शार्क माशाचे दात. बाबांना दोन विमानांतला फरक कळण्याची काही शक्यता नव्हती. त्यांनी ते आणलं, मी खोकं उघडलं, आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले बारीकबारीक तुकडे बघितले आणि विचारलं, "बट व्हेअर इज द प्लेन?" मग झाकण लावून ते कपाटावर ठेवून दिलं आणि खाली फुटबॉल खेळायला गेलो.

आम्ही तेव्हा ईसा टाउनमध्ये राहत होतो. दोन खोल्या, एक लांबोळकं स्वयंपाकघर, आणि खिडकीत बसवलेला एक एसी, जो चालू झाला की आधी खोकल्यासारखा आवाज काढायचा आणि मग दिवसभर घरघरत राहायचा. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की वीज गेली की शांततेनेच जाग यायची. बाबा मीना सलमान बंदरावर, जहाजांचे सुटे भाग ठेवायच्या एका गोदामात हिशेबाचं काम बघत. सकाळी त्यांना कंपनीची व्हॅन न्यायची, मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, मंजूला, शाळेची बस न्यायची, आणि मग आई घरात एकटी. आई संगमेश्वरजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होती. लग्नानंतरही शिकवत होती, मी झाल्यावरही. बाबा बहरीनला येऊन स्थिरावले आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं तेव्हा तिने राजीनामा दिला. फॅमिली व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नसे. याबद्दल तिने कधी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही. ती फक्त सगळी कामं फार लवकर उरकायची. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा भांडी लखलखीत, कपड्यांच्या घड्या कपाटात, कनाद माशाचं कोकम घातलेलं सार तयार, आणि आई खुर्चीवर बसून पायाचा अंगठा हलवत असायची. कनाद म्हणजे आपली सुरमई. ओला नारळ मिळाला तर नशीब, एरवी कोल्ड स्टोअरमधल्या पाकिटातलं सुकं खोबरं. भात असायचाच, पण मंजूला आणि मला तळलेला मासा कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या गरम खुबूसमध्ये गुंडाळून खायला आवडायचा, आणि आईला ते बघवत नसे.

एके दुपारी आम्ही बसमधून उतरून वर आलो तर जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली. त्यावर नखं कापायचं कटर, भुवया कोरायचा चिमटा, पॉलिश पेपरचा तुकडा, आणि मधोमध माझं विमान. रंग नव्हता, पण विमान होतं. आई म्हणाली, "आज खाली बसून जेवा. इथे वाळतंय." मी म्हटलं, "आई, दॅट्स माइन." ती म्हणाली, "तुझंच आहे. मी फक्त लावून ठेवलं." खोक्यातला सूचनांचा घडीचा कागद तिने भिंतीला चिकटवला होता आणि त्यावर पेन्सिलीने पायऱ्या पाडल्या होत्या, पाठ घ्यायच्या आधी शिक्षक पुस्तकात खुणा करतात तशा. ते विमान आम्ही चाकांवर उभं केलं आणि ते हळूच मागे कलंडून शेपटीवर बसलं, नाक वर करून. मंजू हसत सुटली. आईने कागद पुन्हा वाचला. नाकाच्या पोकळीत वजन भरायचं, असं एका कोपऱ्यात लिहिलं होतं. पुढचं चाक नाकाखाली आणि सगळा भार मागे, म्हणून नाकात वजन लागतंच. तिने ते वाचलं होतं पण गंभीरपणे घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना मासे पकडायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणायला सांगितल्या. विमान पुन्हा खोलता येईना, म्हणून ते शेवटपर्यंत शेपटीवरच बसून राहिलं, शोकेसमध्ये, ऐटीत नाक वर करून. पण त्यानंतरच्या एकाही विमानात आई शिसं विसरली नाही.

त्यानंतरची म्हणजे किती, ते मी मोजलं नव्हतं. हसनभाईंकडे शिकवणीची विमानं पडून होती, कारण पोरांना फायटर हवी असत. आई स्वतः दुकानात जाऊ लागली. लाल रंगाचं, सडपातळ, पुढे-मागे दोघं बसायचं विमान मिळालं. मग चंदेरी, मग पांढरं-नारंगी. एकदा हसनभाईंनी तिच्यासाठी मुद्दाम एक फायटर राखून ठेवलं होतं, तर तिने ते परत दिलं. घरी येऊन बाबांना म्हणाली, "लढाईचं कशाला हवंय घरात. ही बरी. एक शिकवतो, एक शिकतो, दोघं सुखरूप खाली येतात." बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि "येतातच असं नाही," म्हणाले, आणि आईने त्यांच्याकडे बघितल्यावर मान पुन्हा खाली घातली.

तिचं काम बघत बसायला मला आवडायला लागलं होतं, हे मात्र मी मित्रांना सांगत नसे. पंखांवरच्या पट्ट्या आणि आकडे कागदावर छापलेले येत. ते कोमट पाण्यात सोडायचे, थोड्या वेळाने कागदावरून पापुद्रा सुटतो, तो ब्रशच्या टोकावर घेऊन पंखावर अलगद सरकवायचा. आई म्हणायची, दुधावरची साय न फाटता उचलायची तसंच. रंगांच्या डब्या अंगठ्याएवढ्या, पण वास असा की बंद घरात बाबांचं डोकं धरायचं. म्हणून रंगकाम सकाळी गच्चीवर, ऊन चढायच्या आत. कॉकपिटमध्ये बसवायला तांदळाच्या चार दाण्यांएवढी दोन माणसं येत. त्यांचे चेहरे गुलाबी रंगवा, असं कागदावर लिहिलेलं असे. आईने पिवळा, लाल आणि थोडा काळा मिसळून गव्हाळ रंग केला आणि आमच्या घरच्या सगळ्या वैमानिकांना तोच दिला. मागे बसलेल्या शिक्षकाला तिने बारीक मिशा काढल्या. आज माझ्या चष्म्याचा नंबर बघून डॉक्टर मान हलवतात, पण त्या मिशा मला अजून स्पष्ट दिसतात.

घोटाळा बाबांनी केला. लाल विमान इतकं देखणं झालं होतं की ते त्यांनी बिस्किटांच्या डब्यात टॉवेल गुंडाळून ऑफिसात नेलं. दाखवायला म्हणून. त्यांचे साहेब, हॅरिस नावाचे एक उंच, उन्हाने कायम लालबुंद झालेले इंग्रज गृहस्थ, डबा बघून थांबले, विमान हातात घेतलं, सगळीकडून फिरवलं आणि म्हणाले, "यू हॅव अ स्टेडी हँड, सावंत." बाबा काही बोलले नाहीत. हसले. त्यांचं म्हणणं असं की ते सांगणारच होते, पण तेवढ्यात फोन वाजला. संध्याकाळी त्यांनी हे आम्हाला गंमत म्हणून सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "म्हणू दे की. नाव काय विमानावर लिहिलंय का." आणि खरंच, तिला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, जेव्हा हॅरिससाहेबांनी गोऱ्या लोकांच्या एका क्लबात भरणाऱ्या मॉडेलांच्या प्रदर्शनात बाबांचं नाव परस्पर घातलं आणि छापील कार्ड घरी आलं. 'मिस्टर एस. सावंत.' आईने ते वाचलं, पुसून फ्रिजवर ठेवलं. तिचं नाव सुनंदा. बाबांचं सदाशिव. दोघांचाही एसच, असं बाबा म्हणाले, पण ते फारसं चाललं नाही.

खरी अडचण कार्डाच्या मागच्या बाजूला होती. निवडलेल्या प्रत्येकाने प्रदर्शनात टेबलावर बसून, बघायला आलेल्या मुलांसमोर थोडं काम करून दाखवायचं होतं. बाबांचा चेहरा उतरला. नेमका त्याच सुमाराला त्यांचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता आणि कागदावर सही हॅरिससाहेबांची लागणार होती. "आता कसं सांगू मी त्यांना," ते म्हणाले, "की इतके दिवस मी गप्प राहिलो. काय वाटेल त्यांना? हा माणूस हिशेबात पण असंच करत असेल." आईने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मग म्हणाली, "हात धुऊन या."

पुढचे काही दिवस आमच्या घरात जे चाललं ते आठवून मंजू आणि मी अजून फोनवर हसतो. बाबा टेबलाशी, बनियनवर, कपाळाला घाम. आई समोर, हातात फूटपट्टी. मारायला नव्हे, दाखवायला, पण दिसायचं तसंच. "गोंद इतका नको. टोकाला घ्या, नुसता टेकवा." बाबा नळी दाबत आणि गोंदाची तार थेट वर्तमानपत्रापर्यंत जाई. "परत करा." काचेच्या झाकणाला त्यांनी तोच गोंद लावला आणि झाकण धुरकट झालं, मोतीबिंदू झाल्यासारखं. "काचेला हा चालत नाही, सांगितलं होतं ना? काल काय सांगितलं होतं?" बाबा माझ्याकडे बघत, मी मंजूकडे. बाबांना रागावलेलं आम्ही तोवर कधी बघितलं नव्हतं, म्हणजे त्यांना कुणी रागावलेलं. आणि आई खूश होती. तिच्या आवाजात एक धार आली होती जी मला लहानपणची, गावच्या शाळेच्या खिडकीबाहेरून ऐकलेली, अंधुक आठवत होती. एका संध्याकाळी बाबांच्या हातून विमानाची दोन अर्धी अंगं नीट जुळली, फट न राहता, तेव्हा ती म्हणाली, "जमलं की." बाबा त्यावर इतके फुलले की त्यांनी आम्हाला खाली नेऊन आइस्क्रीम दिलं.

क्लबात गेलो तो शुक्रवार होता. आईने जपानी नायलॉनची जांभळी साडी नेसली होती. हॉल मोठा, थंडगार, टेबलांवर पांढऱ्या चादरी, आणि त्यावर इतकी विमानं, रणगाडे, जहाजं की मी हरखून गेलो. बाबांच्या टेबलावर आईची चार शिकवणीची विमानं मांडलेली, त्यापुढे ते कार्ड. आम्ही समोरच्या खुर्च्यांवर तिसऱ्या रांगेत. आमच्या पुढे हॅरिससाहेब आणि त्यांच्या बाई. परीक्षक होते एक म्हातारे, सडसडीत गृहस्थ, पांढऱ्या मिशांचे. तरुणपणी असल्याच विमानांत बसून त्यांनी मुलांना उडायला शिकवलं होतं, असं हॅरिससाहेबांनी मागे वळून आम्हाला सांगितलं. ते बाबांच्या टेबलाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, या लोकांचे चेहरे गव्हाळ का? बाबा म्हणाले, "लाइक अस, सर." ते म्हणाले, "क्वाइट राइट."

मग बाबा कामाला बसले. आजूबाजूला पोरं जमली. आणि खरं सांगायचं तर बाबा बरं करत होते. गोंद टोकाला घेतला. आसनं बसवली. तोंडाने थोडं थोडं बोलतही होते, आईचीच वाक्यं इंग्रजीत करून. माझ्या शेजारी आईचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. बाबांनी एक अर्धं अंग उचललं, दुसरं उचललं, कडांना गोंद लावला आणि दोन्ही जुळवून घट्ट धरलं, आणि हॅरिससाहेबांनी टाळी वाजवली. तेवढ्यात आई उभी राहिली. मला वाटतं, तिला कळायच्या आत ती उभी राहिली होती. वर्गात पोरगं फळ्यावर चुकीचं लिहायला लागलं की शिक्षकाचं होतं तसं.

"अहो," ती म्हणाली, "शिसं राहिलं."

हॉलमध्ये ते स्वच्छ ऐकू गेलं. बाबांनी बघितलं. शिशाच्या दोन्ही गोळ्या बशीत होत्या तशा होत्या. परीक्षक आईकडे वळले, मग बाबांकडे. "व्हॉट डज द लेडी से?"

बाबा सहज काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. बायको घरी चला म्हणते, असं म्हटलं असतं तरी सगळे हसले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी हॅरिससाहेबांकडे पाहिलं, हातातल्या चिकटलेल्या विमानाकडे पाहिलं, आणि मग आईकडे. आई तशीच उभी होती, पदर एका हातात धरून, आता बसावं की नाही हे न कळून.

"शी सेज, आय फर्गॉट द वेट," बाबा म्हणाले. "शी इज राइट, सर. शी मेड ऑल दीज. ऑल. आय हॅव नेव्हर मेड वन." आणि मग, जरा थांबून, "शी इज माय टीचर."

कुणीतरी हसलं, पण वाईट नाही. परीक्षकांनी बाबांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि आईला हाताने बोलावलं. ती गेली. बाबा उठायला लागले तर ती त्यांना हळूच मराठीत म्हणाली, "बसा. उठू नका." गोंद अजून ओला होता. तिने नखाने कड सोडवली, दोन भाग अलग केले, शिशाच्या गोळ्या नाकात दाबून बसवल्या, भाग पुन्हा जुळवले आणि बाबांच्या हातात दिले. "धरा. मी सांगेपर्यंत." बाबांनी धरले. पोरं दोघांकडे बघत होती. म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं, सगळी शिकवणीचीच का? आईचं इंग्रजी बेताचं होतं, पण तिला उत्तर शोधावं लागलं नाही. "आय वॉज टीचर," ती म्हणाली. "नाऊ नॉट."  परीक्षकांनी कार्ड उचललं, खिशातून पेन काढलं आणि तिला नावाचं स्पेलिंग विचारलं.

पहिलं बक्षीस एका भल्यामोठ्या बॉम्बफेकी विमानाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. आईला दुसरं. घरी जाताना मित्राकडून मागून आणलेली गाडी बाबा चालवत होते. "व्हिसाचं बघू आता काय होतं ते," ते म्हणाले. आई म्हणाली, "नाही झालं तर जाऊ परत. मला काय, शेतात भात लावता येतो." बाबा हसायला लागले आणि त्यांना ते थांबवता येईना, गाडी कडेला घ्यावी लागली. शनिवारी ते ऑफिसात गेले ते देवाला नमस्कार करून. हॅरिससाहेबांनी सही केली. सही करून फाईल परत देताना म्हणाले, "सावंत, मला आधीच कळायला हवं होतं. तुझं अक्षर बघून." बाबांचं अक्षर खरोखरच भयंकर होतं.

त्या दिवशी प्रदर्शनाला आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात माझ्याबरोबर निरोप पाठवला. शाळेत दर गुरुवारी दुपारी छंदांचे वर्ग चालत, चित्रकला, कॅरम वगैरे. मॉडेलांचा वर्ग घ्याल का? पगार नाही, नोकरी नाही, नुसती मदत. आईने निरोप दोनदा ऐकला. मग बाबांना म्हणाली, "अहो, चालेल ना?" बाबा म्हणाले, "मला काय विचारतेस. मी तुझा विद्यार्थी." गुरुवारी ती सकाळीच आमच्याबरोबर बसमधून आली, पिशवीत वर्तमानपत्रं आणि चिमटे घेऊन, आणि बसमधली मुलं माझ्याकडे बघत होती म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पण दुपारी तिच्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसलो होतो, तिला पाणी वगैरे लागलं तर म्हणून.

मुलं येत होती. "गुड आफ्टरनून, मिस," म्हणत होती, आणि आई प्रत्येकाला "सिट, सिट" म्हणत होती, आवाज जरा चोरटा, हात पिशवीत उगाच काहीतरी शोधत. वर्ग भरला. ती खडू घेऊन फळ्याकडे वळली तेव्हा दाराशी एक मुलगी येऊन उभी राहिली. मआमीरला राहणाऱ्या एका ड्रायव्हरची मुलगी, गुहागरकडची, त्याच महिन्यात गावच्या शाळेतून इथे आलेली. इथल्या रीती तिला अजून माहीत नव्हत्या. ती दारातच थांबली, हात पुढे बांधले, आणि जसं तिला शिकवलं होतं तसं मोठ्याने विचारलं, "बाई, मी आत येऊ?"

दोन-तीन मुलं हसली. आई फळ्याकडे तोंड करून उभी होती. ती लगेच वळली नाही. मग वळली, आणि तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत स्वच्छ गेला.

"ये," ती म्हणाली. "उशीर का झाला?"